गायरान म्हणजे मोकळा प्लॉट नव्हे!

होस्टेलच्या कॉमन रूममधला पेपर आठवा. सकाळी आठला येतो, दहा वाजेपर्यंत पुरवणी गायब आणि शब्दकोड्याचं पान फाटलेलं! 'कॉमन आहे ना, मग कुणाचंच नाही' हे आपलं तत्त्वज्ञान. मित्रांनो, गावाकडच्या गायरानांची नेमकी हीच गत झाली आहे. फरक एवढाच, की पेपर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. गेलेलं गायरान येत नाही.

गायरान म्हणजे गावच्या जनावरांना फुकट चरता यावं म्हणून राखून ठेवलेली जमीन. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात तिची तरतूद होती. आज १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २२ तेच सांगते. म्हणजे चराई ही कुणाची मेहेरबानी नसून जुना हक्क आहे. बागायतदाराच्या म्हशीला दावणीला कडबा आणि पेंड मिळते. पण जिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तिच्या चार शेळ्या याच माळावर जगतात.

यावर आपल्यातला हुशार विद्यार्थी म्हणेल, 'फुकट असलं की वाट लागणारच!' गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ साली हेच मांडलं होतं. सामायिक कुरणात प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरण उजाड होतं. ऐकायला पटतं. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी खरीखुरी कुरणं आणि जंगलं अभ्यासली, तेव्हा चित्र वेगळं निघालं. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ सालचा नियम पाहा. हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गायी पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर सोडायच्या. किती साधा हिशोब! ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, पण गवत कापून न्यायला मुभा ठेवली. थोडक्यात, 'सामायिक' म्हणजे 'बेवारस' नव्हे. वापरणाऱ्यांनी नियम केले आणि ते पाळले, की माळ टिकतो.

आपल्याकडे मात्र नियम करणारे राहिले बाजूला आणि कुरतडणारे वाढले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितलं, गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. योग्यच. पण इथेही डोळे उघडे ठेवायला हवेत. गायरानात बंगला बांधणारा पुढारी आणि मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणारं भूमिहीन दलित कुटुंब यांना एकाच बुलडोझरने मोजायचं का? त्या निकालातही भूमिहीनांना सरकारने दिलेल्या जमिनींचा अपवाद आहेच.

आता आपल्या ब्रँचचा प्रश्न. राज्यात २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० सुरू आहे आणि तिच्या प्रकल्पांसाठी गायरानंही दिली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, यात वादच नाही. रात्री-अपरात्री साप-विंचवातून पाणी द्यायला जाणं काय असतं, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी माहीत आहे. पण साइटला कुंपण पडलं की शेळ्या कुठे जायच्या, हा कॉलम आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये असतो का? २०१७ साली संहितेत आलेलं कलम २२-अ गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधनं घालतं. पण कायदा कागदावर आणि जमीन नकाशावर. दोन्हीकडे शेळीवाली दिसत नाही.

उद्या साइट सर्व्हे करायला आपल्यातलेच कुणी जाणार आहेत. एप्रिलमध्ये गेलात तर माळ भकास दिसेल आणि तुम्ही बिनधास्त 'पडीक' लिहून मोकळे व्हाल. एकदा श्रावणात जाऊन बघा! कुठून जनावरं येतात, पाणी कुठे पितात, हे गुराख्याला विचारा. त्याला टोटल स्टेशन चालवता येत नसेल, पण त्या जमिनीचा सर्व्हे त्याच्या पायात आहे. पॅनल लावायचेच असतील तर आधी खरी पडीक सरकारी जमीन शोधा, गुरांची वाट आणि पाणवठा सोडा. आणि ग्रामसभेत नुसत्या सह्या गोळा करू नका, शेळ्या राखणाऱ्या बाईला बोलू द्या.

एवढं जमलं तर चार वर्षं शिकल्याचं सार्थक. तोवर सराव म्हणून कॉमन रूममधल्या पेपरची पुरवणी जागेवर ठेवायला काय हरकत आहे?