व्यवहार-विवेक : मोडीच्या भावातील एक रुपया

दशलक्षण पर्व संपून चार-सहा दिवस झाले असतील, तोच एका तरुण वाचकाचे दीर्घ पत्र आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती योग्यच आहे. दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी त्यांच्या घराण्याची सराफी पेढी आहे. पत्रलेखकाला लहानपणापासून जुन्या नाण्यांचा छंद. गेल्या श्रावणात एक वृद्ध शेतकरी बाई चांदीचे एकोणीस रुपये बटव्यात बांधून पेढीवर आल्या. घरात नातवाचे ऑपरेशन ठरले होते. बटवा सोडून त्या पत्रलेखकाच्या वडिलांना म्हणाल्या, “अण्णा, ह्याचं काय येतंय ते तुम्हीच बघून द्या.”

अण्णांनी पाहिले. चार रुपये १९४० नंतरचे निघाले. ते हलक्या कसाचे म्हणून बाजूला काढले व त्यांचा भाव वेगळा लावला. उरलेले पंधरा काट्यावर घातले, घट धरली, त्या दिवसाच्या मोडीच्या भावाने हिशेब केला आणि रोख रक्कम हाती दिली. पावती झाली, बाई आशीर्वाद देऊन गेल्या. मात्र त्या पंधरांतील एक रुपया १९३९ सालचा होता. तो काट्यावर जाण्यापूर्वीच पत्रलेखकाने ओळखला होता. वडील बोलत असताना मध्ये बोलण्याचा प्रघात नाही, म्हणून ते गप्प राहिले. सायंकाळी त्यांनी विषय काढला, तेव्हा वडील म्हणाले, “आपण चांदी घेतो. वजनात, भावात, कशातही खोट केली नाही. ती साल विचारायला आली नव्हती.” रुपया अद्याप पेढीच्या कपाटात आहे. या व्यवहारात दोष आहे का, असल्यास तो कोणत्या नावाचा, असा पत्रलेखकाचा प्रश्न आहे.

नाण्यांचा परिचय नसलेल्या वाचकांसाठी आधी थोडे सांगावयास हवे. इंग्रजी अमदानीतील चांदीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असे. जुना तोळा तो हाच. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. १९४० पासून, युद्धाच्या धामधुमीत, हा कस निम्म्यावर आणला गेला. १९३९ साल हे जुन्या कसाच्या रुपयाचे अखेरचे साल आणि त्या सालाचा रुपया आज अत्यंत दुर्मीळ आहे. त्याला चांदीच्या किमतीच्या कित्येक पट मोल येते. एखाद्या सालाला असे मोल का यावे, याच्या कथा मोठ्या रंजक असतात. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या वस्त्रावरील पदकमालेत एक इवलासा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि १९१२ मध्ये छाप सुधारावा लागला. संग्राहक त्याला आजही ‘डुक्कर रुपया’च म्हणतात. सारांश, चांदी तीच आणि वजनही तेच. पण सालाचा एक आकडा मोल पालटून टाकतो.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे वळू. ते उडवून लावण्यासारखे नाही. व्यापारात ज्ञानाला किंमत असते आणि असावी. ज्याने वर्षानुवर्षे भिंगाखाली नाणी पाहिली, सूची चाळल्या, बनावट नाण्यांत पैसे घालवून अक्कल विकत घेतली, त्याने त्या ज्ञानाचे मोल घेऊच नये असे म्हटले तर नाणेशास्त्र जाणणारा माणूसच उरणार नाही आणि दुर्मीळ नाणी मुशीत जातील. किती तरी नाणी अशी गेलीही आहेत; ओळखणारा कोणी नव्हता म्हणून. पुण्याच्या जुन्या बाजारात पथारी मांडून बसलेला विक्रेता स्वतः व्यापारी असतो. नाण्यांच्या ढिगातून ग्राहकाने आपल्या नजरेने एखादे नाणे वेचले, सांगितलेली किंमत मोजली आणि तो निघाला, तर मला त्यात खटकण्यासारखे काही दिसत नाही. तेथे दोघांनाही खेळाचे नियम ठाऊक असतात. आज ग्राहक जिंकतो, उद्या विक्रेता.

परंतु पेढीवरचा प्रसंग तसा नाही. याचे पहिले कारण खुद्द पत्रातच आहे. ‘आम्ही साल पाहत नाही, चांदी पाहतो’ हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. चार रुपये साल पाहूनच बाजूला काढले होते. पेढीचा तोटा टाळताना जे साल डोळ्यांना स्पष्ट दिसले, ते बाईंच्या लाभाची वेळ येताच दिसेनासे व्हावे, हे कसे? पंधराही रुपये डोळे मिटून तोलले असते, तर वडिलांचा युक्तिवाद अधिक भक्कम ठरला असता.

दुसरे कारण बाईंच्या वाक्यात आहे. ‘हे चांदीच्या भावाने घ्या’ असे त्या म्हणाल्या नाहीत. ‘काय येते ते तुम्हीच बघा’ असे म्हणाल्या. म्हणजे त्यांनी केवळ माल पुढे ठेवला नाही; मोल ठरविण्याचे कामही विश्वासाने सोपविले. आपला करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या सतराव्या कलमात हा भेद फार नेमका टिपला आहे. नुसते मौन ही फसवणूक नव्हे, असे ते कलम सांगते; पण बोलणे हे कर्तव्यच ठरेल अशी परिस्थिती असेल, किंवा ते मौनच बोलण्याच्या तोडीचे असेल, तर गोष्ट वेगळी. उदाहरणेही तेथेच दिली आहेत. दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला भाव पालटल्याची खासगी वार्ता लागली, तर ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधलेला नाही. तोच बाप नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीला खोड असलेला घोडा विकत असेल, तर ती खोड सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. न्यायालय या पेढीच्या प्रसंगी काय म्हणेल, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. मात्र व्यापाऱ्याचे व्यापाऱ्याशी मौन आणि विश्वासाने आलेल्याशी मौन ही दोन वेगळी मौने आहेत, एवढे कायद्यालाही कळते.

हा प्रश्न फार जुना आहे. रोमन वक्ता सिसरो याने इ.स.पू. ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात जवळजवळ हाच प्रसंग आहे : विकणारा सोन्याला पितळ समजून विकतो आहे, सज्जनाने त्याला सांगावे, की हजार दिनारांची वस्तू एका दिनाराला घेऊन मोकळे व्हावे? (आपल्या संस्कृतातला ‘दीनार’ हा शब्द याच रोमन नाण्यावरून आलेला आहे.) यावर दोन तत्त्वज्ञांचे दोन पक्ष तेथे मांडले आहेत आणि सिसरोचा कल स्पष्टपणे सांगून टाकण्याकडे आहे. त्याच ग्रंथात स्केव्होला नावाच्या विधिज्ञाची हकीकत येते. त्याला एक जमीन घ्यायची होती. मालकाने किंमत सांगितली, तेव्हा ‘माझ्या मते ही याहून मोलाची आहे’ असे म्हणून त्याने एक लाख सेस्टर्स अधिक दिले. सिसरो म्हणतो, हा माणूस भला होता हे सगळे मान्य करतात, शहाणा होता हे मात्र करीत नाहीत. दोन हजार वर्षांत पेठेतली भाषा फारशी बदललेली नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १८८५ साली एका खटल्याचा निकाल लागला. एका बाईने सापडलेला खडा जवाहिऱ्याला एका डॉलरला विकला. पुढे तो सुमारे सातशे डॉलरचा कच्चा हिरा निघाला. न्यायालयाने विक्री रद्द केली नाही, कारण विक्रीच्या वेळी तो हिरा आहे हे जवाहिऱ्यालाही ठाऊक नव्हते. अण्णांनी रुपये घेतले, मुलगा त्या वेळी पेढीवर नसता आणि सहा महिन्यांनी कोणाच्या तरी ध्यानात आले असते, तर प्रश्न बराच सौम्य झाला असता. येथे मात्र काट्यावर जाण्यापूर्वीच ते एकाला माहीत होते.

दोषाचे नाव पत्रलेखकाने विचारले आहे, म्हणून आपल्या शास्त्राकडे वळतो. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार स्वाध्यायात सर्वांनी ऐकलेले असतात : चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, विरुद्धराज्यातिक्रम, खोटी मापे, भेसळीचा किंवा बनावट मालाचा व्यवहार. वडील म्हणतील, यांतले एकही घडले नाही. मापे खरी होती, माल चोरीचा नव्हता. परंतु तिसऱ्या अतिचाराचे विवरण करताना पूज्यपाद आचार्य ‘सर्वार्थसिद्धी’त जे सांगतात ते थांबून वाचण्याजोगे आहे. राज्याची घडी विस्कटली असता मोलाच्या वस्तू थोडक्या किमतीत मिळतात म्हणून त्या मिळवण्याची धडपड, ती त्यांनी येथे धरली आहे. दुसऱ्याच्या विस्कटलेल्या वेळेचा लाभ घेणे, हा त्यातला मर्म मला वाटतो. नातवाच्या ऑपरेशनसाठी सासूबाईंचे रुपये मोडावयास निघालेल्या बाईंच्या घराची घडी त्या दिवशी नीट नव्हती.

याहून जवळचा दाखला मात्र सत्य अणुव्रतात आहे, ‘न्यासापहार’ या अतिचारात. एखाद्याने सोनेनाणे ठेव म्हणून ठेवले, किती ठेवले याची संख्या तो विसरला आणि परत घेताना कमीच मागू लागला. ठेव सांभाळणारा यावर ‘हो, एवढेच’ म्हणतो. त्याने काही हिसकावले नाही. खोटा आकडाही स्वतः उच्चारला नाही, मागणाऱ्याच्या आकड्याला मान डोलावली एवढेच. तरीही आचार्यांनी तो अतिचार मानला, आणि तोही सत्यव्रतात. मागणाऱ्याच्या विस्मरणावर ज्याने आपला लाभ उभारला, त्याचे ‘हो’ हे असत्यच. बाईंचे अज्ञान आणि ठेवीदाराचे विस्मरण यांत मला फारसे अंतर दिसत नाही. पेढीने मोडीचा भाव सांगितला, तो ‘एवढेच’ या अर्थानेच त्यांनी ऐकला.

शिवाय ‘अदत्तादान’ हा शब्दच पाहावा. जे दिलेले नाही ते घेणे. बाईंनी काय दिले? पंधरा रुपयांची चांदी दिली. त्या एका रुपयाचे जे अधिक मोल होते, ते आपल्याजवळ आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. मग ते त्यांनी दिले असे कसे म्हणावे? माझे उत्तर असे की, दोष न्यासापहाराच्या जातीचा आहे आणि त्याचे निवारण अजून हातात आहे.

निवारणाची रीतही सांगतो. केवळ ‘परत करा’ म्हणून भागत नाही. प्रथम रुपया अस्सल आहे याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. सालाचा आकडा कोरून बदललेले रुपये बाजारात फिरतात. तसा निघाला तर देणे काहीच उरत नाही. अस्सल ठरला तर बाईंना किंवा त्यांच्या मुलाला बोलावून, शक्य तर स्वतः त्यांच्या गावी जाऊन, रुपया त्यांच्यापुढे ठेवावा आणि खरी हकीकत सांगावी. त्यांना ठेवायचा असेल तर त्या नाण्यापुरती चांदीची रक्कम वळती करून परत द्यावा. विकायचा असेल तर लिलावात विकून द्यावा आणि अडत घ्यावी. आडत्याला अडत घेताना कोणी चोर म्हणत नाही. तुमच्या ज्ञानाचे मोल तेथे आहे आणि ते उजळ माथ्याने घेता येते. पेढीलाच तो हवा असेल, तर बाजारातील अंदाज सांगून, दुसऱ्या कोणाला दाखविण्याची मोकळीक देऊन, मग भाव ठरवावा.

अडचण वडिलांची आहे, हे मी जाणतो. पेढी त्यांच्या नावाची, शब्द त्यांचा. त्यांना चोर ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. ते चोर नाहीतही. त्या सकाळी साल ओळखणारा डोळा मुलाचा होता, म्हणून पहिले देणेही मुलाकडेच येते. ‘अण्णा, हा रुपया मी ओळखला होता, मला तो पचत नाही, फरक माझ्या हिश्शातून द्या’ एवढेच त्यांनी म्हणावे. चार रुपये बाजूला काढल्याची आठवण करून द्यायची की नाही, हे ज्याने त्याने आपल्या वडिलांच्या स्वभावावरून ठरवावे.

जमिनीत नांगरताना सापडलेली नाणी हा सर्वस्वी निराळा विषय आहे. तेथे योग्य भाव देण्याचा प्रश्नच येत नाही. १८७८ च्या निखात-निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठविता येत नाहीत. शेतातला हंडा कोणी रात्री पेढीवर घेऊन आला, तर तो घेऊ नये.

पुष्कळ वाचकांच्या घरी लक्ष्मीपूजनात मांडले जाणारे असे रुपये असतील. दिवाळी जवळ आली आहे, म्हणून दोन गोष्टी. ते रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासून लखलखीत करू नयेत. संग्राहकाच्या दृष्टीने त्यांचे मोल घासताच उतरते. आणि जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो असा फोन आला, आधी शुल्क भरा म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. रिझर्व्ह बँकेने आपले नाव वापरून चाललेल्या अशा लबाडीबद्दल ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर इशारा दिला आहे. मोडायची वेळ आलीच, तर पेठेत जाण्यापूर्वी नातवंडांना जवळ बसवून प्रत्येक रुपयावरचे साल एका कागदावर उतरवून घ्यावे आणि तो कागद बटव्यात रुपयांबरोबर ठेवावा.