विहिरीतला स्फटिक अमेरिकेत, गावाच्या पदरात काय? दगडांच्या धंद्यात आता मोबाईल आणि विद्यार्थीही

विहीर खोदताना पाणी लागलं नाही पण चकाकणारे दगड निघाले, याचं सिन्नर-राहुरी पट्ट्यात कुणाला फारसं नवल वाटत नाही. नवल वाटावं असं आहे ते त्या दगडाच्या पुढच्या प्रवासात. बांधावर पोत्याच्या भावात गेलेला दगड दोन-तीन हात बदलून अमेरिकेतल्या टक्सन किंवा जर्मनीतल्या म्युनिकच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत बसतो. तिथे त्याला किंमत असते, इंग्रजी नाव असतं, खाली चिठ्ठी असते. चिठ्ठीवर गावाचं नाव मात्र बऱ्याचदा चुकीचं असतं, नाहीतर नुसतं 'पूना, इंडिया'.

आता या धंद्यात मोबाईल आला, ऑनलाइन लिलाव आला, थ्रीडी स्कॅनिंग आलं. आणि कॉलेजची पोरंही येताहेत. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना फिल्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप करावी लागते. दगड, रत्नं, जीवाश्म विकणाऱ्या कंपनीला फोटो काढायला, यादी करायला, वेबसाइट सांभाळायला माणसं लागतात. दोघांची गरज जुळते. प्रश्न एवढाच की या जुळणीत ज्याच्या रानातून माल निघतो तो शेतकरी कुठे बसतो.

आधी हे दगड आपल्याकडेच एवढे का, ते बघू. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने या पोकळ्यांत खनिजं साठवली. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या खडक म्हणतात, ज्यात पांढरे ठिपके दिसतात, ते ठिपके म्हणजे अशाच भरलेल्या बारीक पोकळ्या. पोकळी मोठी असली की आत स्फटिक वाढायला जागा मिळते. स्टिल्बाइट, हुलँडाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट ही त्यांची नावं. आपण सगळ्यांनाच गार किंवा गारगोटी म्हणून मोकळे होतो.

इंग्रजांनी बोरघाटातून रेल्वे नेली तेव्हा, म्हणजे १८६३ च्या आधीच्या खोदकामात, असेच दगड निघाले आणि बोटीने विलायतेच्या संग्रहालयांत गेले. तेव्हापासून माल बाहेर जातोय. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट आधी अमेरिकेच्या ओरेगॉनमध्ये सापडलं होतं, पण जगभर नावाजलं ते वाघोलीचं. २००१ साली राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याला एका विहिरीत हिरव्या अपोफिलाइटचे गोळे मिळाले. परदेशी संग्राहकांनी त्यांना 'डिस्को बॉल' असं नाव दिलं. आजही माइंडॅट नावाच्या जागतिक खनिज-संकेतस्थळावर मोमीन आखाडा शोधला तर सापडतो. आपल्या जिल्ह्यात किती जणांना हे ठाऊक आहे?

सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय हे या धंद्याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण. नौदलातून बाहेर पडलेल्या के. सी. पांडे यांनी ते उभं केलं. शिर्डीला जाणाऱ्या बसेस तिथे थांबतात, शाळांच्या सहली येतात. धंदा आणि दाखवणं एकत्र चालू शकतं, हे त्यातून दिसतं.

तंत्रज्ञानाने काय बदललं? पूर्वी व्यापारी सांगेल तो भाव. आज शेतकऱ्याचा पोरगा मोबाईलवर तसाच दगड किती डॉलरला लागलाय ते बघू शकतो. फक्त एक लक्षात घ्या, दुकानातल्या एका अख्ख्या, साफ केलेल्या नमुन्याची किंमत आणि आपल्या पोत्यातल्या तुटक्या कांड्यांची किंमत यांची तुलना होत नाही. सुरुंगाने नव्वद टक्के माल तिथेच फुटला तर उरलेल्याचं फार काही येत नाही. किंमत असते ती टोक न मोडलेल्या स्फटिकाला.

दुसरी बाजू फसवणुकीची. ओकेनाइटचे पांढरे, कापसासारखे गोळे गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकले जातात. कॅव्हनसाइटचा तुकडा दुसऱ्याच दगडावर चिकटवून 'नैसर्गिक' म्हणून खपवतात. चांगल्या कंपन्या म्हणूनच भिंगाखालचे फोटो, अतिनील टॉर्च, प्रयोगशाळेची तपासणी यांचा आधार घेतात. आणि इथे विद्यार्थी खरोखर कामाचा आहे. दगड कुठल्या गटातून, किती फुटांवरून, कोणत्या थरातून निघाला याची नोंद, मोबाईलवरचं जीपीएस आणि फोडण्याआधीचा फोटो, एवढं जरी मुलांनी केलं तरी त्या दगडाला जन्मदाखला मिळतो. ज्याला जन्मदाखला आहे त्याला खरा भावही मिळतो. पण व्यापाऱ्याला जागा लपवायची असते, नाहीतर दुसरा व्यापारी पोचतो. म्हणून प्रोजेक्टच्या नावाखाली मुलांकडून फक्त पॅकिंग आणि इन्स्टाग्रामचे रील करून घेतले, तर ते शिक्षण नाही, फुकटची मजुरी आहे. कॉलेजने करार करताना नोंदवही कुणाकडे राहणार, हे आधी विचारायला हवं.

स्फटिकांबद्दल माझं मत सरळ आहे. ते विकले गेले नाहीत तर बहुतेक खडी क्रशरमध्ये जातात. तेव्हा विकलेलं बरं. जीवाश्मांचं तसं नाही. तिथे मी विक्रीच्या विरोधात आहे.

निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले होते. त्यावर पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाचा लेख १९०५ सालचा आहे. चंद्रपूरकडे वरोरा तालुक्यात पिसदुऱ्याला आणि जवळच्या डोंगरगावला डायनासोरची हाडं मिळाली. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. हाड कोणत्या थरात होतं, शेजारी काय होतं, यावरच त्याचं वय आणि गोष्ट ठरते. उपसून विकलं की ती गोष्ट संपली, मग कितीही थ्रीडी स्कॅन करा. उलट जागेवरच स्कॅन केलं, हाड विद्यापीठात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अभ्यासाला दिलं आणि शाळेत त्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती ठेवली, तर गावाकडेही काही राहतं. असा प्रोजेक्ट कुणी मागत असेल तर जरूर द्यावा.

कायद्याचं काय? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार, जमीन देताना वेगळी अट नसेल तर खनिजावर हक्क सरकारचा. सातबारा आपल्या नावावर असला तरी. कॅल्साइट, अगेट, जॅस्पर ही २०१५ पासून गौण खनिजात धरली आहेत. म्हणजे उद्या तहसील कार्यालयाने विचारलं तर 'माझ्या विहिरीतलं आहे' एवढं उत्तर पुरणार नाही, आणि व्यापारी तेव्हा फोन उचलेलच असं नाही. जीवाश्मांसाठी तर वेगळा कायदाच नाही. भूवारसा स्थळं आणि भूअवशेष यांच्या जतनाचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये काढला, त्याला कायद्याचं रूप आलेलं नाही. या मधल्या काळात जो आधी पोचेल त्याचं फावतंय.

सगळ्यात वाईट अवस्था आहे ती खाली उतरणाऱ्याची. स्फटिकाची पोकळी दिसली की सुरुंगानंतर धूर निवायच्या आत, सैल दरडीखाली माणसं हात घालतात. डोक्यावर हेल्मेट नाही, तोंडावर फडकं. परदेशातल्या चिठ्ठीवर खाणीचं नाव कधीतरी येतं, त्यांचं कधीच येत नाही.

या हंगामात विहिरीचं काम काढणाऱ्यांनी एवढं करावं: दगड चमकला तर फोडायच्या आधी फोटो घ्या, खोली लिहून ठेवा, ॲसिडने धुऊ नका. विकायचंच असेल तर आधी तहसीलच्या गौण खनिज शाखेत विचारा आणि व्यापाऱ्याकडून गावाच्या नावासकट पावती घ्या. हाडासारखं, दातासारखं काही दिसलं तर हात न लावता काम थांबवा आणि जवळच्या भूगर्भशास्त्राच्या विभागाला कळवा.