आकडे कोण लिहून ठेवणार?

पोलादपूरच्या एका शाळेत पाचशे मुले आहेत असे समजा. सोमवारी त्यांतील एकाचे डोळे आले. आठवड्याभरात प्रत्येक रुग्ण दोघांना प्रसाद देतो आणि स्वतः बरा होतो. एकदा येऊन गेले की पुन्हा येत नाहीत, असे हिशेबापुरते धरू. मग १, २, ४, ८, १६... असे आकडे चढू लागतील. पण निम्म्या मुलांचे डोळे येऊन गेले की काय होईल? रुग्ण ज्या दोघांना गाठतो, त्यांतला एक आधीच बरा झालेला निघेल. तेथून साथ ओसरू लागेल, आणि काही मुले तिच्या तावडीतून सुटतील. वहीच्या एका पानावर हे करून पाहा. साथीची नक्कल म्हणतात ती हीच. संगणक हेच काम लाखो माणसांसाठी, झरझर करतो.

या हिशेबाला पक्के गणिती रूप दिले एडिंबरोच्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी, १९२७ साली. (महाडकरांना हे साल चवदार तळ्यामुळे पाठ असते.) मॅकेंड्रिक पूर्वी हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत होते. आपले समीकरण ताडून पाहायला त्यांनी आकडे घेतले मुंबईचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली ते. वक्ररेषा आकड्यांवर सुरेख बसली.

आणि तरीही ती पुरती खरी नव्हती! मुंबईतला तो प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरत होता, आणि ऋतू पालटला की तो चढे-उतरे. समीकरणात ऋतूला जागाच नव्हती. आपला हिशेब ढोबळ आहे हे त्या दोघांनीही लिहून ठेवले होते. पुढच्या गणितज्ञांना तो दुरुस्त करता आला, कारण कोणा कारकुनाने आठवड्यामागून आठवडे मृत्यूंचे आकडे लिहिले, ते अहवालात छापले गेले आणि ग्रंथालयांनी जपले. त्या काळच्या साथींचे कितीतरी अहवाल आज संगणकीय ग्रंथालयांत आहेत. पोलादपुरात बसून ते उघडता येतात. म्हणून माझे मत असे, की समीकरणे बदलत राहतील. जपायचे ते आकडे.

२०२० साली करोनाच्या साथीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मुंबईची नक्कल संगणकात उभी केली. त्यात घरे होती, शाळा, कचेऱ्या, दाट वस्त्या होत्या, लोकलगाडीसुद्धा होती. पण मुंबईचा माणूस मुंबईतच थोडा राहतो? शिमग्याला आणि गणपतीला तो महाड-पोलादपूरच्या वाडीवर येतो. टाळेबंदीत तर कित्येकजण पायी कोकणात आले. त्या वाडीची नक्कल करायची म्हटली तर कोण केव्हा आले आणि ताप केव्हा भरला, हे आधी हवे. ते कोणत्या ग्रंथालयात मिळेल?

शिवाय आपल्याकडे कागदाचा वैरी नदीतच आहे. २२ जुलै २०२१ ला महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते. उंदरांच्या मुतातले जंतू पायाच्या जखमेतून शिरतात, आणि ताप येतो तो बऱ्याचदा आठवडा-दोन आठवड्यांनी. म्हणजे पाण्यातून चालल्याची तारीख आणि तापाची तारीख, दोन्ही नोंदलेल्या हव्यात; आणि ती नोंदवही नेमकी पुरात भिजते.

वहीचा नुसता फोटो काढूनही भागत नाही बरे का. फोटो म्हणजे चित्र. त्यातले आकडे कोणी रकान्यांत उतरवल्याशिवाय संगणकाला त्यांची बेरीज करता येत नाही. हे उतरवण्याचे काम कंटाळवाणे आहे, मोठे संशोधक ते टाळतात. आठवीतल्या मुलांना ते सहज जमेल.

तेव्हा गुरुजींना विचारून या पावसाळ्यात वर्गाची एक वही घाला. रकाने चारच: तारीख, इयत्ता, गैरहजर किती, त्यांपैकी आजारी किती. नावे मुळीच लिहू नका. कोण आजारी हे चारचौघांत सांगायचे नसते. शून्य असेल त्या दिवशीही शून्य लिहा, कोरे सोडू नका. दर शनिवारी आकडे संगणकात उतरवा, एक प्रत दुसऱ्या गावच्या शाळेकडे पाठवा, आणि मूळ वही कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवा.