खापर एकाच्याच माथी का?

अमेरिकी फुटबॉलमधला बफेलो बिल्स हा संघ १९९१ ते १९९४ अशी सलग ४ वर्षे सुपर बोल या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चारही वेळा हरला. कोणी म्हणतात, नशीब! आम्ही नशीब मानत नाही, कारणे तपासतो.

२७ जानेवारी १९९१ रोजी शेवटच्या क्षणी स्कॉट नॉरवूड याची ४७ यार्डांवरची किक हुकली आणि न्यूयॉर्क जायंट्स २०-१९ असे जिंकले. तेव्हापासून त्या पराभवाला नॉरवूडचेच नाव चिकटले. पण ६० मिनिटांच्या खेळात ४० मिनिटांहून अधिक काळ चेंडू जायंट्सकडे होता! बिल्सच्या बचावफळीला तो हिसकावता का आला नाही, हे कोण विचारणार? १९९३ मध्ये डॅलस काउबॉइजने बिल्सना ५२-१७ असे चिरडले. बिल्सनी ९ वेळा चेंडू गमावला. तिथे कोणत्या किकला दोष देणार?

साखळीत एखादी हार पचते. बाद फेरीत एकच हार घरी पाठवते. म्हणून झाकलेल्या उणिवा तिथेच उघड्या पडतात. बफेलोच्या जनतेने दुसऱ्याच दिवशी भर चौकात नॉरवूडचा जयजयकार केला. एकाचा बळी देऊन संघ उभा राहत नाही, हे त्या जनतेला कळले. पराभवाची चिकित्सा करणाऱ्यांना ते कधी कळणार?