मावळ्याचं शिरस्त्राण घेताना आधी आतून बघा



जानेवारी लागला की शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. सोनेरी, चकचकीत शिरस्त्राण, वर लाल तुरा आणि खाली ओळ : 'शिवजयंतीसाठी खास, फ्री साइज'. मागच्या वर्षी या फोटोला मी भुलले. म्हणून आज हे लिहितेय.

चौथीला आपण 'शिवछत्रपती' शिकवतो. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, त्याच भिवंडीतली आमची नारपोलीची मुलं. त्यामुळे प्रतापगडाचा प्रसंग बसवायचा म्हटल्यावर वर्गात नुसता दंगा. मी आठ शिरस्त्राणं ऑनलाइन मागवली, प्रत्येकी 450 रुपये. पैसे अर्थातच पालकांचे. आमचे बरेच पालक यंत्रमागावर आहेत, मजुरी मीटरवर. वीज गेली की माग बंद आणि मजुरीही बंद. अशा घरातून आलेल्या 450 रुपयांना काय किंमत असते ते मला माहीत आहे. तरीही मी फोटो बघून खरेदी केली.

ऐन कार्यक्रमात एका मावळ्याने वाकून मुजरा केला आणि शिरस्त्राण पुढे घसरलं. कडेचा पत्रा दुमडलेलाच नव्हता. भुवईवर कापलं, दोन टाके पडले. त्याचे वडील दवाखान्यात एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

माझं मत आता स्पष्ट आहे. नाटकाचं शिरस्त्राण चांगलं की वाईट हे बाहेरच्या चकाकीवर नाही, आतल्या बाजूवर ठरतं. आणि ते बघायचं काम सूचना काढणाऱ्या शिक्षकाचं आहे, पैसे भरणाऱ्या पालकाचं नाही.

जुनी शिरस्त्राणं काय होती बघा. दख्खनी किंवा मुघली पद्धतीचं शिरस्त्राण म्हणजे पोलादाची वाटी, वर टोक, समोर नाकावर खाली-वर सरकणारी पट्टी, तुरा खोचायला नळ्या आणि मानेवर रुळणारी कड्यांची जाळी. पण आत रुईदार, टाचलेल्या कापडाचा थर असायचा. तो नसता तर ते पोलाद डोक्यावर ठेवणंच अशक्य झालं असतं. नक्कल करणारे वाटी करतात, टोक करतात, थर मात्र विसरतात, कारण तो फोटोत दिसत नाही. आणि तो लाल ब्रशसारखा उभा तुरा? तो तर रोमन सैनिकाचा! आपण तो मावळ्याच्या डोक्यावर चढवतो आणि मुलं तेच खरं समजतात.

तर एक नग आधी हातात घ्यावा, बाकीचे नंतर. कडेवरून बोट सावकाश फिरवा, पत्रा आत वळवलेला किंवा गोट मारलेला हवा. रिव्हेटची टोकं आतून चपटी आहेत का बघा. फायबरचं असेल तर आतला खडबडीतपणा तपासा, काचतंतू उघडे असतील तर कपाळाला खाज सुटते. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा, सोनेरी रंग रुमालावर आला तर तो घामाबरोबर डोळ्यांतही येणार. पितळेचं म्हणून जास्त पैसे मागत असतील तर लोहचुंबक लावा. चिकटलं की समजायचं, आत लोखंड आहे आणि वर मुलामा. पत्र्याच्या गेजचा आकडा दुकानदार मोठ्या तोऱ्यात सांगतो, पण तिथे उलटा हिशेब असतो : आकडा लहान तर पत्रा जाड. अठरा गेजचं प्रदर्शनाला ठीक, नऊ वर्षांच्या मानेवर ते ओझं आहे.

फ्री साइज हा शब्द तर मी आता वाचतच नाही. भुवयांच्या किंचित वरून टेप फिरवून डोकं मोजा. आमच्या चौथीत बहुतेकांचं माप 51 ते 53 सेंटीमीटर भरलं, आणि आलेला माल मोठ्या माणसाच्या डोक्याचा होता. हनुवटीखाली पट्टा हवाच. मग मुलाला ते घालून तीन मुजरे करायला लावा, दोन पायऱ्या उतरायला सांगा आणि पाठीमागून हळू हाक मारा. डोळ्यांवर येत असेल, पायरी दिसत नसेल किंवा हाक ऐकू जात नसेल तर परत पाठवा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ ठेवा म्हणजे वाद होत नाही.

खेळणं म्हणून विकत असतील तर खोक्यावर आयएसआय चिन्ह शोधा. 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. 'शोभेची वस्तू' असं छापलं असेल तर ती मुलाच्या डोक्यासाठी बनवलेली नाही, एवढं सरळ समजावं.

आमच्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं, "एका दिवसासाठी एवढं कशाला?" मी म्हणते, एका दिवसासाठीच असेल तर आठ घ्यायचीच कशाला? पोलादी शिरस्त्राण ही सरदारांना परवडणारी वस्तू. साधा मावळा मुंडासं बांधायचा. आणि गंमत म्हणजे 10 नोव्हेंबर 1659 च्या ज्या भेटीचं आम्ही नाटक बसवलं, त्यात महाराजांचं शिरस्त्राण मंदिलाखाली झाकलेलं होतं, चिलखत अंगरख्याखाली. दिसू नये म्हणूनच घातलेली वस्तू आम्ही चमकवण्यासाठी 3600 रुपये घालवले! वर्गात धडा मीच शिकवला होता, हेही कबूल करते.

या वर्षी शाळेच्या खर्चातून दोनच घेतली, सरदारांच्या भूमिकांसाठी. ती कपाटात राहतील, पुढच्या चौथीला उपयोगी पडतील. मावळ्यांना मुंडाशी. कापडाच्या गावात राहून आम्ही डोक्याला घालायला पत्रा मागवत होतो, याचं आता हसू येतं. एका पालकांनी मागावरचे उरलेले तुकडे आणून दिले, मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना मुंडासं बांधायला शिकतायत. निम्म्यांचं सुटतं, पण कोणाला लागत नाही.

एक गोष्ट मात्र पालकांना कळकळीने सांगायची आहे. मागच्या वर्षी कार्यक्रमानंतर आठवड्याभराने अंजूरफाट्याजवळ आमचाच एक विद्यार्थी वडिलांच्या मोटारसायकलवर दिसला. डोक्यावर तेच सोनेरी शिरस्त्राण! वडील हसत म्हणाले, "मॅडम, पैसे वसूल. हेल्मेटचं काम झालं." बाजूने कंटेनर चालले होते. मी त्यांना कडेला थांबवलं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागतं हा कायदा त्यांना ठाऊक होता, म्हणून तर त्यांनी ते घातलं होतं. पण दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्हासोबत आयएस 4151 हा क्रमांक असतो, आत धक्का शोषणारा जाड थर्माकोलसारखा थर असतो. मी त्यांच्यासमोर ते शिरस्त्राण अंगठ्याने दाबलं. पत्रा आत गेला, तसाच राहिला. ते बराच वेळ त्या खळग्याकडे बघत होते. मग मुलाला उतरवलं आणि गाडी ढकलत तिघंही चालत घरापर्यंत गेलो.