कौतिकचे बिऱ्हाड आणि वेल्डरचा अर्ज

मराठी साहित्यातला परदेशस्थ माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अभियंता, डॉक्टर किंवा संगणक-व्यावसायिक उभा राहतो. त्याची घालमेल आपल्या परिचयाची आहे : मागे राहिलेले आईवडील, मुलांची तुटत जाणारी मराठी, परतावे की राहावे हा न सुटणारा प्रश्न. या लेखनाचे मोल आम्ही नाकारत नाही. परंतु अमरावती-अकोल्याकडे साहित्य शिकवताना अलीकडे आम्हांला एक विसंगती जाणवू लागली आहे. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या घरातून परदेशाची तयारी करणारा माणूस बहुधा वेल्डर असतो, फिटर असतो, इलेक्ट्रिशियन असतो. आणि तो बायकोमुलांसह जाऊ पाहतो. या माणसासाठी आपल्या समीक्षेत अद्याप खाना नाही.

मागे एकदा उद्धव शेळके यांची 'धग' शिकवून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, कौतिकनं गाव सोडलं, थे चुकलं का?" पुढे कळले, की त्याचा थोरला भाऊ अकोल्यात वेल्डर आहे, कॅनडाच्या अर्जाची खटपट करतो आहे, आणि घरची कामे आटोपल्यावर वहिनी रात्री इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करते. प्रश्न कादंबरीविषयी होता तितकाच घराविषयीही होता. आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले ते परीक्षेपुरते ठीक होते. त्याचे समाधान झाले नाही, आणि आमचेही झाले नाही.

'धग' १९६० साली प्रसिद्ध झाली. तिच्याकडे प्रादेशिक कादंबरी म्हणून पाहिले गेले, दारिद्र्याची शोकांतिका म्हणून पाहिले गेले, तिच्यातील वऱ्हाडीची वाखाणणी झाली. हे सर्व रास्तच आहे. पण ती एका कारागीर कुटुंबाच्या स्थलांतराची कादंबरी आहे, ही साधी गोष्ट आपण पुरेशा गांभीर्याने घेतली नाही. महादेव शिंपी आहे. कौतिक त्याला एकत्र कुटुंबातून बाहेर काढते आणि मुलांसह दुसऱ्या गावी बिऱ्हाड थाटते. तिचा हिशेब सरळ आहे : नवऱ्याच्या हातात कला आहे, आणि हात तर सोबतच येतात, मग पोट कोठेही भरेल. पुढे हा हिशेब कसा फसत जातो हे वाचकांना ठाऊक आहे. नवरा कच खातो, त्याला महारोग जडतो, आणि सारा भार कौतिकवर येतो.

आमच्या मते कादंबरीचे मर्म या हिशेबात आहे. कसब माणसाबरोबर जाते. कसबाला भाकरीचे मोल देणारी व्यवस्था मात्र जागेवरच राहते. ओळखीचे गिऱ्हाईक, उधारीवर धान्य देणारा दुकानदार, आजारपणात धावून येणारा भाऊबंद हे काही बैलगाडीत घालून नेता येत नाही. त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) मध्ये बलुत्याची जी व्यवस्था वर्णिली आहे, तिच्यात तर हे स्पष्टच दिसते. सुतार-लोहाराचे काम वतनाशी बांधलेले होते. गाव सोडणाऱ्या सुताराचा वाकस त्याच्यासोबत जाई. सुगीच्या धान्यातला वाटा जात नसे.

आज वतनाच्या जागी प्रमाणपत्र आले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. जर्मनीत अशाच व्यवसायांचे शिक्षण कारखाना आणि शाळा मिळून तीन-साडेतीन वर्षे चालते. त्यामुळे आपल्या प्रमाणपत्राची तेथील पात्रतेशी बरोबरी ठरवताना ती अनेकदा अंशतःच मान्य होते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, तेव्हा दहा हजार तरुणांचा आकडा गाजला. पण त्या योजनेतही जर्मन भाषेचे प्रशिक्षण हा अपरिहार्य टप्पा होता. हाताला आधी भाषा शिकावी लागते, मग काम मिळते.

कॅनडाने २०१३ पासून कुशल कारागिरांसाठी स्वतंत्र योजना ठेवली आहे. तिच्यात शालेय शिक्षणाची किमान अट नाही. मात्र गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव, भाषेची परीक्षा, आणि तेथील नोकरीचा देकार किंवा तेथील व्यवसाय-प्रमाणपत्र लागते. पुढे गुणांची यादी लागते, आणि पती-पत्नी मिळून जाणार असतील तर तिच्यात जोडीदाराच्या शिक्षणाला व भाषेलाही गुण असतात. नोकरीचा देकार हाती नसेल तर उदरनिर्वाहापुरती शिल्लक दाखवावी लागते, आणि कुटुंबातल्या प्रत्येक माणसागणिक ती रक्कम वाढते. वेल्डरच्या अर्जात त्याची बायको अशी दोनदा मोजली जाते : एकदा गुण म्हणून, एकदा खर्च म्हणून. आखातात जाणाऱ्या कामगाराची गोष्ट वेगळी होती. तेथे कुटुंब नेण्यासाठी ठरावीक वेतनाची अट असे. साधा फिटर एकटाच जाई आणि घर पैशाची वाट पाहत मागे राही. आता घर सोबत निघाले आहे. कौतिकची गोष्ट पुन्हा सुरू झाली आहे, एवढाच आमच्या म्हणण्याचा अर्थ.

मराठी कारागिरांनी कुटुंबासह देश सोडण्याचा एक मोठा प्रसंग याआधी घडून गेला आहे. कोकण-मुंबईतील बेने इस्राएल समाजात सुतार, गवंडी, गिरण्या-रेल्वेतले कामगार होते. १९४८ नंतर यांतली अनेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे कामाच्या आणि वागणुकीच्या तक्रारींवरून काहींनी धरणे धरले, आणि १९५२ मध्ये काही कुटुंबे मुंबईला परतलीही. जे राहिले त्यांनी तेथे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालविले. मराठी वाङ्मयेतिहासाच्या मुख्य धारेत या अनुभवाला कितीशी जागा मिळाली? कामगाराचे स्थलांतर आपण अर्थशास्त्राकडे सोपवले आणि साहित्यासाठी फक्त सुशिक्षितांची हुरहूर राखून ठेवली, असे म्हणावे लागते.

यावर कोणी म्हणेल, की साहित्याचा विभाग म्हणजे व्हिसाचे कार्यालय नव्हे. हे आम्हांला मान्य आहे. पण भाषा हा तर आपलाच विषय आहे ना? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या सरकारी मराठीत फिटर 'जोडारी' असतो, टर्नर 'कातारी' असतो, वेल्डर 'संधाता' असतो. यांतला 'कातारी' हा जुन्या कारागिरीतून आलेला जिवंत शब्द आहे. 'संधाता' मात्र बोलण्यात कधीच उतरला नाही. शिकणारा मुलगा घरी वऱ्हाडी बोलतो, वर्कशॉपमध्ये इंग्रजी नावांनी हत्यारे मागतो, कागदावर तिसरीच मराठी वाचतो आणि परदेशासाठी चौथी भाषा घोकतो. त्याला स्वतःच्या कामाविषयी चार वाक्ये सलग सांगता येत नाहीत याचा दोष आपण त्याच्या बुद्धीला देतो. त्याच्या कामाला आपण भाषाच दिली नाही, हे कबूल करत नाही.

म्हणून आमचे मागणे छोटे आहे. 'धग' स्थलांतराची कादंबरी म्हणूनही शिकवली जावी. जाणाऱ्या कुटुंबांच्या, विशेषतः त्यांतल्या स्त्रियांच्या हकिकती आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी त्या सापडतील. जाणे बरे की वाईट याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. कापसाच्या भावावर वर्षाचे गणित बसत नसलेल्या घराला 'इथेच राहा' असे सांगणे पगारदार प्राध्यापकांना शोभतही नाही.

त्या विद्यार्थ्याला आज उत्तर द्यायचे झाले तर आम्ही म्हणू : कौतिकने गाव सोडले हे चुकले नाही. तिचा हिशेब तिने एकटीने मांडला आणि एकटीनेच फेडला, ते चुकले. आणि ती चूक तिची नव्हती. तुझी वहिनी रात्री अभ्यासाला बसते तेव्हा घरातले बाकीचे कोण जागे असते, एवढे तू आज घरी जाऊन पाहा.