बटण बंद, वीज चालू

संघाच्या स्मरणिकेत आम्ही आजवर धान्याचे भाव, आडत व करांचा जाच ह्यांपलीकडे काही लिहिले नाही. ह्या खेपेस संपादक मंडळाची अनुज्ञा घेऊन घरातील दिव्यांच्या बटणांविषयी लिहावयाचे योजिले आहे. विषय क्षुल्लक वाटेल. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे ठोक व्यापारी. विद्युतशास्त्रात आमचा अधिकार नाही. परंतु जे आमच्या घरी घडले ते सभासद बंधूंच्या घरी घडू नये, एवढ्यासाठी लेखणी उचलली आहे.

गतवर्षी श्रावणात आमच्या पुतण्याने माजघरातील दिवा बदलण्यासाठी लोखंडी शिडी लावली. बटण बंद केले, दिवा विझलेला पाहिला आणि मगच होल्डरला हात लावला. तरीही विजेचा असा झटका बसला की तो फरशीवर आदळला व उजव्या हाताचे हाड मोडले. घरातील सर्वांनी त्यालाच दोष दिला. आम्हीही दिला, हे कबूल केले पाहिजे. पुढे जाणत्या वायरमनला बोलावून तपासले, तेव्हा कळले की मुलाची काडीइतकीही चूक नव्हती. वीस वर्षांपूर्वी ज्याने ती जोडणी केली, त्याने बटण फेजच्या तारेवर न बसविता न्यूट्रलच्या तारेवर बसविले होते.

ह्याचा अर्थ आम्हांस समजला तसा सांगतो. घरात दोन तारा येतात. फेजच्या तारेत २३० व्होल्टांचा दाब असतो. न्यूट्रल ही परतीची वाट. बटण फेजवर असेल तर ते बंद करताच होल्डरपर्यंत वीज पोहोचतच नाही. न्यूट्रलवर असेल तरीही दिवा विझतोच, कारण फेरा तुटतो. परंतु होल्डरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते आणि हात लावणाऱ्याच्या देहातून जमिनीकडे वाट काढते. दिवा दोन्ही प्रकारे लागतो व विझतो, म्हणून वर्षानुवर्षे कोणास शंका येत नाही.

ही गोष्ट सरकारास नवीन नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच न्यूट्रलच्या तारेवर एकेरी बटण वा फ्यूज बसवू नये असे बजावले होते. त्याच वर्षी आमच्या हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले व आमचे निम्मे सोयरे मुंबई राज्यात गेले. प्रांतांच्या सीमा बदलल्या, नियमांची नावेही बदलली. ही आज्ञा मात्र कायम आहे. पण पाळतो कोण?

आमच्या घरी एकंदर ४१ बटणे तपासली. त्यांतील ६ उलटी निघाली. ज्यांच्या घरी नव्या धाटणीचे एलईडी दिवे आहेत त्यांनी रात्री पाहावे: बटण बंद असूनही दिवा मंद मिणमिणत असेल तर संशय घ्यावा. त्यास अन्य कारणेही असतात, म्हणून निर्णय परवानाधारक वायरमनच्या टेस्टरवर सोडावा. स्वतः मात्र पटल उघडू नये.

आता बाजाराकडे वळतो. बेगम बाजार, उस्मानगंज ह्या भागांत आपल्यापैकी पुष्कळांचे खाली दुकान व वर बिऱ्हाड. जुन्या लाकडी पट्टीवरील तारा, त्यांवर नव्या तारांचे जोड, शेजारी छतापर्यंत बारदाना आणि सर्वांवर धान्याची धूळ. दिव्यासाठी दिलेले बटण ६ अँपिअरचे. त्यावर २००० वॅटचा गीझर लावला की जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह वाहतो. बटण तापते, स्क्रू सैल होतो, ठिणगी पडू लागते. फ्यूज उडू नये म्हणून त्यात जाड तार भरणारे शहाणेही आम्ही पाहिले आहेत. (त्या शहाण्यांत एके काळी आम्हीही होतो.)

१८ मे २०२५ रोजी पहाटेनंतर गुलजार हौजजवळच्या इमारतीस लागलेली आग कोणी विसरलेले नाही. तेथेही खाली दुकाने व वर घर, जाण्यायेण्यास अरुंद वाट. १७ जीव गेले, त्यांत ८ बालके होती. प्राथमिक तपासात शॉर्टसर्किटचा संशय व्यक्त झाला. त्या दिवशी आमच्या घरी कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

काही बंधू म्हणतात, घर भाड्याचे आहे, खर्च मालकाने करावा. आम्ही विचारतो, झटका मालकास बसणार आहे काय? दुसरे म्हणतात, एमसीबी बसविली आहे, आता भय नाही. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. देहातून वीज जाऊ लागताच ती तोडणारे यंत्र निराळे, त्यास आरसीसीबी म्हणतात. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे घ्यावे, आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून ते चालते की नाही हे पाहावे. अर्थिंग नीट हवे, हे सांगावयास नकोच. व्यापाऱ्यास आणखी एक गोष्ट शोभत नाही. वजनमापांवर सरकारी शिक्का नसेल तर आपण तराजूस हात लावीत नाही, वानगी पाहिल्यावाचून पोते उचलीत नाही. मग बिनशिक्क्याची तार व बटण चार पैसे वाचविण्यासाठी कसे घेतो? आय.एस.आय. चिन्ह पाहूनच माल घ्यावा.

कार्यकारिणीपुढे आमची विनंती अशी. दिवाळीपूर्वी आपण दुकाने रंगवितोच. त्याच सुमारास संघाने दोन परवानाधारक वायरमन ठरवून प्रत्येक सभासदाच्या दुकानाची व घराची तपासणी करवावी. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांचा भार संघाने उचलावा, व त्याची वाच्यता होऊ नये. ह्या निधीस आरंभीची रक्कम आम्ही चिटणिसांकडे भरली आहे. तपासणीस आमच्या गोदामापासून प्रारंभ करावा. तेथील बटणे अद्याप पाहावयाची राहिली आहेत.